अंगठा कुणाचा? : गोष्टीच्या चित्रपटातून घ्यायचा एक धडा



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, पाचट अशा विषयांवर लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे, पण उसाबाहेरचा मुळीच नाही. ऊस फडातून गव्हाणीपर्यंत ज्या हातांनी येतो, त्यांतले काही हात आपल्या हिशेबात धरलेलेच नसतात. त्या माणसांना कामाच्या जागी बरोबरीने सामावून घ्यायचे कसे, आणि ही गोष्ट शेतकी विभागाच्या माणसांना, मुकादमांना व खुद्द आपल्याला शिकवायची कशी, हा तो विषय. नुसत्या भाषणाने ती शिकवता येत नाही असा आमचा अनुभव आहे. गोष्टीच्या चित्रपटाने ती पुष्कळशी शिकवता येते, असाही अनुभव आहे. दोन्ही अनुभव सांगतो.

भाषणाचा अनुभव

काही वर्षांपूर्वी हंगामाआधी आमच्या शेतकी कर्मचाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण ठेवले होते. शहरातून व्याख्याते आले. माणूस अभ्यासू होता, तयारी करून आला होता. भिंतीवर एकामागून एक तक्ते झळकू लागले आणि दर तक्त्यावर 'समावेशन' हा शब्द होता. दुपारचे जेवण झालेले, वर पंखे फिरताहेत. अर्ध्या तासात मागच्या दोन रांगा डुलायला लागल्या. शेवटी "काही शंका?" असे विचारल्यावर एक चिटबॉय उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, हे समावेशन एकरी किती टाकायचं?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना वाटले, चूक त्या पोराची नव्हती. ज्या गोष्टीला त्याने कधी डोळ्यांनी पाहिले नाही, ती नुसत्या शब्दावरून त्याने ओळखावी कशी?

आम्ही शेतीची माणसे. आम्हाला हे आधीच कळायला हवे होते. 'पाचट जाळू नका' असे आम्ही सभांतून किती वर्षे सांगितले! लोक माना डोलवीत आणि तोड झाली की काडी लावीत. पुढे एका शेतकऱ्याने आपल्या खोडव्यात पाचट ठेवले. उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी ते हाताने बाजूला सारून पाहिले, तर खाली ओल. त्या एका ओलीने जे पटवले ते आमच्या पंचवीस भाषणांनी पटले नव्हते. प्रात्यक्षिक प्लॉट म्हणतात तो हाच. माणसाच्या वागण्याचाही असा एखादा प्लॉट दाखवता आला तर? गोष्टीचा चित्रपट हा तसा प्लॉट आहे.

दोन-दोन रुपयांचा चित्रपट

हे काही नवे शोधून काढलेले नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले ते लोकांना शहाणे करण्यासाठीच. सत्यशोधकांचे जलसे, अण्णाभाऊ साठ्यांची लोकनाट्ये, १९८३ पासून गावोगाव झालेले स्त्री मुक्ती संघटनेचे 'मुलगी झाली हो' ही सगळी याच वाटेवरची. जे सभेत ऐकून घेतले जात नाही ते सोंगातून ऐकले जाते, हे आपल्या मुलखाला जुनेच ठाऊक आहे.

चित्रपटाच्या बाबतीत सहकाराला अभिमान वाटावा असे उदाहरण म्हणजे १९७६ चा 'मंथन'. दिग्दर्शक श्याम बेनेगल. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. मुख्य बाई स्मिता पाटील, तीही आपल्याच मातीतली. गुजरातमधल्या दूध संस्थांच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांत हा चित्रपट उभा राहिला. पडद्यावर निर्माता म्हणून नाव येते ते गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांचे. आपण दिलेल्या दोन रुपयांचे काय झाले ते पाहायला शेतकरी ट्रक भरभरून आले. पुढे तो राष्ट्रीय पुरस्कारांचा मानकरी ठरला, आणि २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली गेली.

पण आमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. डॉ. वर्गीस कुरियन यांनी हा चित्रपट नुसता थिएटरांत ठेवला नाही. जिथे नवी दूध संस्था काढायची, तिथे त्याची प्रत घेऊन एक तुकडी जायची. तिच्यात जनावरांचा डॉक्टर, दुधाचा तंत्रज्ञ, चाऱ्याचा जाणकार असायचे. चित्रपट दाखवायचा आणि मग गावाबरोबर बसून बोलायचे. आधी गोष्ट, मग चर्चा, आणि लगेच हाताला काम, असा तो क्रम होता. हा क्रम सभासदांनी ध्यानात ठेवावा. नुसता चित्रपट दाखवून कुरियनही थांबले नव्हते.

गोष्ट काय आहे?

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉ. राव हा सरकारी जनावरांचा डॉक्टर आपले सहकारी घेऊन एका खेड्यात दूध संस्था काढायला येतो. गावात मिश्रा नावाचा खाजगी डेअरीवाला दुधाला पडेल भाव देतो. गावचा सरपंच संस्थेत येतो तो तिथेही आपलेच चालेल या हिशेबाने. दलित वस्तीतला भोळा शहरातल्या माणसांवर विश्वासच ठेवत नाही, आणि त्याला तसे कारणही आहे. संस्थेत एका सभासदाला एक मत. म्हैस एक असो की दहा, मत एकच. निवडणुकीत सरपंच पडतो आणि दलित वस्तीचा उमेदवार निवडून येतो. दुखावलेला सरपंच आणि धंदा बुडत चाललेला मिश्रा, दोघांचे सूत जुळते.

बिंदू ही त्याच वस्तीतली बाई. हुशार, तोंडाने फटकळ, पदरात मूल. संस्थेसाठी ती बायकांना गोळा करते. तिचा नवरा परत येतो, आणि त्याच्याकरवी एका कागदावर तिचा अंगठा घेतला जातो. कागदावर काय लिहिले आहे ते तिला वाचता येत नाही. तो असतो डॉ. रावांवर अब्रू घेतल्याचा खोटा आरोप. रावांची बदली होते. ते आगगाडीत बसून निघून जातात. संस्था मात्र भोळा आणि वस्तीतली माणसे पुढे चालवतात.

मळवलीचा वर्ग

आम्ही हा चित्रपट पावसाळ्यात, हंगामाच्या अगोदर, मळवलीला दाखवायचे ठरवले. मळवली काही उसाचे गाव नव्हे, भाताचे. पण आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशा तिन्हीकडच्या माणसांना लोकलने किंवा दुचाकीने यायला ते सोयीचे. स्टेशनाजवळ एक खोली मिळाली. बाहेर विसापूर-लोहगडावर ढग उतरलेले, आत चटया, एक पडदा आणि चहाची किटली. गटप्रमुख, शेतकी मदतनीस, चिटबॉय, चार मुकादम आणि काही सभासद, असे चाळीसएक जण होते.

खोली रुळाला लागून. मुंबई-पुण्याची एखादी लांब पल्ल्याची गाडी धडधडत गेली की पडद्यावरचे काही ऐकू येईना. तेव्हा चित्रपट थांबवावा लागे. पहिल्या वेळी आम्ही चरफडलो. दुसऱ्या वेळी लक्षात आले की गाडी जाईपर्यंत माणसे आपापसांत बोलताहेत. "हा सरपंच आपल्या अमक्यासारखाच." "मिश्रा भाव पाडतो तसा गुऱ्हाळवाला पाडायचा." तिसऱ्यांदा गाडी नव्हती तरी आम्ही मुद्दाम थांबवला. वर्ग घ्यायची ही युक्ती आम्हाला रेल्वेने शिकवली म्हणा ना!

सरपंच पडतो तिथे टाळ्या पडल्या. बिंदूचा अंगठा घेतात तिथे खोली गप्प झाली. आणि मग एक गृहस्थ बोलले. "पाहिलंत का साहेब? बाईच्या एका तक्रारीने चांगला माणूस बदलून गेला. म्हणूनच बायकांना फार पुढं आणू नये."

दोन-चार माना हलल्या. आम्हाला उत्तर सुचेना. उद्या फडातल्या एखाद्या बाईने खरी तक्रार आणली तर हीच मंडळी ती खोटी ठरवतील, आणि तसे शिकवायला आम्हीच हा चित्रपट आणला असे होईल! सगळा डाव उलटतो की काय असे वाटले. तेवढ्यात मागून तोच 'एकरी किती' विचारणारा चिटबॉय म्हणाला, "पण तक्रार बिंदूनं केलीच कुठं? कागद दुसऱ्यानं लिहिला, अंगठा तिसऱ्यानं घेतला. तिचं फक्त बोट होतं."

बरोबर बोलला पोरगा. तक्रार बिंदूची नव्हतीच, तिच्या नावावर पुरुषांनी रचलेली होती. तिला वाचता आले असते, एकटीने बोलायला जागा असती, तर तो कागद झालाच नसता. म्हणजे बाई पुढे आली म्हणून घात झाला नाही. तिच्याशिवाय तिचा कागद झाला म्हणून झाला.

आता चर्चा तापली. एका मुकादमाने विचारले, "मग आपल्या करारावर अंगठा कुणाचा असतो?"

याचे उत्तर आम्हाला ठाऊक होते, आणि ते सांगायची लाज वाटली. सभासदांना माहीत आहेच, तोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यावर दिली जाते. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून वाहून गाडी भरायला देते. ती पहाटे तीनला उठून भाकरी थापते ती वेगळीच. पण कागदावर अंगठा नवऱ्याचा. नोंदवहीत नाव नवऱ्याचे. ती बाई आमच्या दप्तरी 'कोयता' या शब्दाच्या आत कुठेतरी असते. ही नोंदवही आम्ही स्वतः पंधरा वर्षे भरली आहे. एकदाही खटकले नाही. मिश्राला नावे ठेवताना त्या संध्याकाळी आमचाच आवाज आम्हाला बारीक वाटला.

कोप्यांवरचा वर्ग

दिवाळीनंतर टोळ्या आल्या. आम्ही तेच प्रसंग, अर्ध्या तासाचे, कोप्यांपुढे बायकांना दाखवले. त्या वेळी मुकादम व पुरुष मंडळींना लांब ठेवले होते, आणि चर्चा आरोग्य खात्यात काम केलेल्या एका ताईंनी घेतली. आम्ही बाजूला बसून होतो.

बराच वेळ कुणी बोलेना. मग एक बाई म्हणाली, "सायेब, तिनं अंगठा दिला नसता तर नवऱ्यानं घरी तिचं काय केलं असतं, ते ह्या पिच्चरमधी कुठं दावलंय?"

दुसरी म्हणाली, "आमचं नाव वहीत घालताल, पर खाडा पडला तर पैसे कुणाचे कापताल?"

मंडळी, हे प्रश्न कोणत्याही तक्त्यावर आम्हाला सापडले नव्हते. एक दिवस काम बुडाले तर खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणून बाई पाळीत, तापात, बाळंतपणाच्या तोंडावरही फडात जाते. याचे टोक कुठवर गेले आहे ते २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने वाचले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्याची पाहणी केली. तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या ज्या उसासाठी तोडणीला जातात तो आपल्यासारख्याच सभासदांचा असतो.

असा वर्ग कसा घ्यावा?

या दोन वर्गांवरून आम्ही काही गोष्टी शिकलो. ज्या संस्था, सोसायट्या, महिला मंडळे असा प्रयोग करू पाहतील त्यांच्यासाठी त्या क्रमाने देतो.

१) पूर्ण चित्रपट एकदम दाखवण्याचा हट्ट नको. दमलेल्या माणसाला दोन तास बसवत नाही. वीस-तीस मिनिटांचे सलग प्रसंग निवडावेत. सामुदायिक खेळासाठी ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. मोबाईलवर आला म्हणून तो आपला होत नाही.

२) गोष्ट आपल्या धंद्याच्या जवळची हवी, पण अगदी आपलीच नको. दूध संस्था आपल्याला बरोबर अंतरावर पडते. ओळखूही येते आणि कुणी अंगावरही घेत नाही. साखर कारखान्याचीच गोष्ट पाहिजे असेल तर तेंडुलकरांनीच लिहिलेला, डॉ. जब्बार पटेल यांचा 'सामना' आहे. त्यातला मास्तर एका नाहीशा झालेल्या माणसाविषयी एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत राहतो. मात्र तो दाखवायला छाती पाहिजे, आणि दाखवल्यावर बसून उत्तरे द्यायची तयारी पाहिजे.

३) प्रसंग ऐन वळणावर थांबवावा आणि साधे प्रश्न विचारावेत. आता तुम्हाला काय दिसले? कोण बोलले? कोण गप्प राहिले? तुम्ही तिथे असता तर काय केले असते? 'तात्पर्य काय?' हा प्रश्न विचारू नये. तो विचारला की माणूस शाळेतले उत्तर देतो.

४) बोलणे पात्रांवर ठेवावे. सरपंच, मिश्रा, बिंदू यांच्याविषयी माणूस मोकळेपणी बोलतो. टोळीतल्या खऱ्या माणसाचे नाव आले की विषय वळवावा. कुणी स्वतःची तक्रार सांगू लागली तर तिला वर्गात उघडी पाडू नये, बाजूला घेऊन समितीचा रस्ता दाखवावा.

५) जागा बदलून खेळवावे. ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल यांनी प्रेक्षकालाच रंगमंचावर बोलवायची पद्धत काढली. ती इथेही चालते. मुकादमाला बिंदू करावे आणि चिटबॉयला मुकादम. दहा मिनिटे पुरतात. आमच्या एका मुकादमाला बिंदू होऊन अंगठा द्यायला सांगितला, तर तो म्हणाला, "आधी वाचून दाखवा." एवढे त्याच्या तोंडून आले की अर्धे काम झाले.

६) चुकीचा अर्थ निघाला तर घाबरू नये. मळवलीला तो निघाला म्हणूनच खरी चर्चा झाली. पण तो तसाच सोडून चहा वाटू नये. तो सोडला असता तर आम्ही नुकसान करून घरी गेलो असतो.

७) बायकांचा वर्ग वेगळा, त्यांच्या वेळेला आणि त्यांच्या जागी घ्यावा. साहेबाने कमी बोलावे.

८) शेवटी एक निर्णय कागदावर आला पाहिजे. मोठा नको, एकच, पण तारखेसह. नाहीतर करमणूक होते, शिक्षण होत नाही.

स्वतःचा छोटा चित्रपटही करता येईल. गावोगावी गणपतीत नाटके बसवणारी पोरे आहेत, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. दहा मिनिटांची गोष्ट पुष्कळ झाली. फक्त गोष्ट तोडणीच्या बायकांना आधी वाचून दाखवावी. बाईचे काम बाईनेच करावे. आणि लुगडे नेसलेल्या पुरुषाला पाहून हशा पिकवायचा मोह टाळावा. त्या हशात विषय वाहून जातो.

कायदा काय म्हणतो?

थोडे कायद्याचेही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरचा. कंत्राटी, हंगामी, रोजंदारीवरची बाईदेखील या कायद्यात येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. समितीला योग्य कारण पटले तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. जिथे अंतर्गत समिती नाही तिथल्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. माणसांसाठी जाणीवजागृतीचे कार्यक्रम घेणे हे मालकाचे कर्तव्य म्हणून याच कायद्यात लिहिले आहे. तेव्हा हे वर्ग म्हणजे कुणावर उपकार नव्हेत.

यातली एक तरतूद बिंदूसाठीच लिहिली आहे असे वाटते. ज्या बाईला लिहिता येत नाही तिला तक्रार लेखी करायला समितीने शक्य ती सर्व मदत केली पाहिजे. म्हणजे तिचे म्हणणे तिच्याकडूनच ऐकायचे. नवऱ्याकडून नाही आणि मुकादमाकडूनही नाही. आणि ऐकलेले गुप्त ठेवायचे.

तसेच, पुरुषाला व बाईला सारख्या कामाचा सारखा दाम देणारा कायदा आपल्या देशात १९७६ सालीच झाला. तेच तत्त्व आता २०१९ च्या वेतन संहितेत आहे. योगायोग पाहा, 'मंथन'ही त्याच १९७६ सालचा.

आमचा एक निर्णय

मळवलीच्या वर्गात शेवटी जो निर्णय कागदावर आला तो असा : गटाच्या तोडणी नोंदवहीत कोयत्यापुढे दोन नावे लिहायची. नवऱ्याचे आणि बायकोचे. करार दोघांना वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा, दोघांचा. या हंगामात आमच्या गटात तसे केले. काही ठिकाणी मुकादमांनी कुरकुर केली. "नावानं काय पोट भरतं का?" असेही एकाने विचारले. नावाने पोट भरत नाही हे खरे. पण ज्याचे नावच वहीत नाही, त्याचा पैसा, त्याची सुट्टी, त्याचा दवाखाना वहीत येणार कुठून? खाड्याचा प्रश्न आमच्या अधिकाराबाहेरचा आहे आणि तो अजून सुटलेला नाही. तो आम्ही लेखी वर पाठवला आहे. सभासदांनी वार्षिक सभेत तो विचारावा, अशी विनंती आहे. तोडणीच्या बायकांना त्या सभेत मत नाही. आपल्याला आहे.

डॉ. राव आगगाडीने निघून जातात. आमच्यासारख्या अधिकाऱ्यांचेही तसेच, आज या गटात, उद्या दुसऱ्या. मागे राहते ती संस्था, तिच्या वह्या आणि तिची माणसे. पुढच्या खेपेला आपल्या फडात टोळी उतरेल तेव्हा सभासदांनी चिटबॉयकडून वही मागून घ्यावी आणि कोयत्यापुढे किती नावे आहेत ती मोजावीत. एकच असेल तर दुसरे तिथल्या तिथे विचारून घ्यावे. ती बाई मोळी घेऊन समोरूनच जात असेल.

– ऊस विकास अधिकारी